इशाऱ्याची पहिली ओळ : पार्सर बदलताना एक्सएमएल घोषणेचे काय होते?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवावे लागले. ठाकूर समाजाच्या या वाडीला गाडीरस्ता नव्हता आणि दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावही नव्हते. त्या रात्रीची कारणे डोंगर, पाऊस आणि वस्तीची जागा यांतच शोधावी लागतात. कुठल्याही संगणकीय संदेशावर ती ढकलता येणार नाहीत. पण कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत पावसाळ्यातला इशारा ही जिवाशी जोडलेली गोष्ट आहे, हे त्या रात्रीनंतर कुणाला वेगळे सांगावे लागत नाही.

या पट्ट्याची रचनाच अशी की इशारे इथे सतत लागतात. पश्चिमेला माथेरानचे कडे आणि त्यांच्या पायथ्याला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. मधून उल्हास आणि पाताळगंगा वाहतात. खोपोलीहून वर चढणाऱ्या बोरघाटात रेल्वे आहे, जुना महामार्ग आहे आणि द्रुतगती मार्गही आहे. आडोशी बोगद्याजवळ दरड आली की मुंबई-पुण्याची वाहतूक अडते. अशा मुलखात अतिवृष्टीचा, पुराचा, दरडीचा इशारा मराठीत, वेळेवर आणि अक्षर न् अक्षर शाबूत पोहोचला पाहिजे.

हा इशारा आज एक्सएमएल या स्वरूपातल्या संदेशात बसून प्रवास करतो. वाटेत तो एकाहून अधिक संगणकप्रणालींच्या हातून जातो. प्रत्येक प्रणालीत संदेश वाचून त्याचे भाग सुटे करणारा घटक असतो, त्याला पार्सर म्हणतात. एका पार्सरकडून दुसऱ्याकडे संदेश सोपवताना त्याच्या पहिल्या ओळीचे, म्हणजे एक्सएमएल घोषणेचे, काय करायचे हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही. मराठी मजकूर पोहोचणार की मोडणार, हे बऱ्याचदा याच ओळीवर ठरते. या प्रश्नाची आजची स्थिती काय आहे, निरनिराळी साधने त्याला कशी सामोरी जातात आणि आपल्या कामासाठी कोणती रीत धरावी, याचा हा आढावा.

इशारा कोणत्या रूपात निघतो

आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी जगभर मानले जाणारे स्वरूप म्हणजे कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, थोडक्यात कॅप. ओएसिस या मानकसंस्थेने त्याची पहिली आवृत्ती २००४ साली मंजूर केली, १.१ ही आवृत्ती २००५ मध्ये आली आणि आज वापरात असलेली १.२ आवृत्ती जुलै २०१० ची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही २००७ मध्ये ते आपल्या मानकांत घेतले. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही प्रणाली याच मानकावर उभी आहे. ती सी-डॉटने विकसित केली. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग यांच्यासारख्या संस्थांचे इशारे आणि राज्यांची आपत्ती प्राधिकरणे यांना ती एका साखळीत आणते.

कॅपच्या संदेशात सर्वांत वर ओळखक्रमांक, पाठवणारा, वेळ, संदेशाची स्थिती आणि प्रकार असतात. त्याखाली माहितीचा विभाग येतो आणि तो एकापेक्षा जास्त वेळा देता येतो, म्हणून एकाच इशाऱ्यात इंग्रजी, हिंदी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी ठेवता येतात. प्रत्येक विभागात भाषेचा टॅग देता येतो, तातडी, तीव्रता आणि खात्री यांची ठरावीक मूल्ये असतात, आणि शेवटी क्षेत्राचे वर्णन येते.

इथली एक बाब मराठीत काम करणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावी. भाषेचा टॅग दिला नाही, तर मानकाप्रमाणे मजकूर अमेरिकी इंग्रजीत आहे असे धरले जाते. मराठी मजकुराला मराठीचा टॅग लावण्याची जबाबदारी पूर्णपणे पाठवणाऱ्याची आहे.

क्षेत्राचेही तसेच. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक रायगडात आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. नुसत्या नावावर विसंबले, तर उल्हासच्या पुराचा इशारा दुष्काळी पट्ट्यात जाऊ शकतो. म्हणून कॅपमध्ये नावासोबत अक्षांश-रेखांशांची बंद आकृती किंवा ठरलेला भूसंकेतांक देण्याची सोय आहे, आणि ती वापरलीच पाहिजे.

एवढी तपशीलवार रचना असली, तरी ती वाचायला सुरुवात होण्याआधी पार्सरला आणखी एक गोष्ट कळावी लागते : समोर आलेले बाइट कोणत्या पद्धतीने अक्षरांत बदलायचे. ते सांगण्याचे काम पहिल्या ओळीचे.

घोषणेतले तीन गुणधर्म

एक्सएमएल १.० हे मानक १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर झाले. त्यातल्या घोषणेत तीन गुणधर्म येऊ शकतात : आवृत्ती, एन्कोडिंग (म्हणजे बाइट अक्षरांत बदलण्याची पद्धत) आणि स्टँडअलोन. घोषणा दिली तर आवृत्ती सक्तीची आहे, बाकीचे दोन ऐच्छिक आहेत. क्रम मात्र ठरलेला आहे. घोषणा संदेशाच्या अगदी सुरुवातीला हवी. तिच्या आधी एक मोकळी जागासुद्धा चालत नाही, कडक पार्सर तिथेच संदेश नाकारतो.

एन्कोडिंग कळण्याआधीच एन्कोडिंग सांगणारी ओळ वाचायची कशी? यावर मानकात चांगला तोडगा आहे. घोषणेत फक्त मूळ इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, त्यामुळे पहिल्या चार बाइटांवरून कुळ ओळखता येते. यूटीएफ-८ किंवा तिच्या जातीच्या पद्धतीत ते ६०, ६३, १२०, १०९ असे येतात. यूटीएफ-१६ मध्ये ०, ६०, ०, ६३ किंवा त्याची उलट जोडी येते. जुन्या मेनफ्रेमच्या एबसिडिक पद्धतीत ७६, १११, १६७, १४८ येतात. कुळ कळले की पार्सर घोषणा वाचतो आणि नेमकी पद्धत ठरवतो. एन्कोडिंग दिलेलेच नसेल आणि बाहेरूनही काही माहिती नसेल, तर यूटीएफ-८ धरायचे. सुरुवातीला बाइटक्रमाची खूण असेल, तर ती यूटीएफ-१६ ची आहे की यूटीएफ-८ ची हे तिच्या बाइटांवरूनच कळते.

आवृत्तीचा गुणधर्म बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण जवळपास सगळे संदेश १.० चेच असतात. एक्सएमएल १.१ हे २००४ साली आले आणि फारसे रुजले नाही. अनेक पार्सर ते स्वीकारतच नाहीत. तरी मराठीच्या बाबतीत या गुणधर्माला एक अर्थ आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. एक्सएमएल १.० च्या पहिल्या चार आवृत्त्यांत टॅगच्या नावात कोणती अक्षरे चालतील याची बंद यादी होती आणि त्यात ‘ॲ’ला जागा नव्हती. १.१ ने ती यादी मोकळी केली, आणि नोव्हेंबर २००८ च्या पाचव्या आवृत्तीने १.० मध्येही तशी मोकळीक दिली. टॅगच्या आतल्या मजकुरावर हे बंधन कधीच नव्हते. पण एखाद्या कार्यालयाने आपल्या नोंदींसाठी मराठी नावांचे टॅग केले, तर नवा पार्सर ते घेईल आणि जुना नाकारेल, हे शक्य आहे.

स्टँडअलोन हा गुणधर्म बाहेरच्या व्याख्याफाईलवर संदेश अवलंबून आहे का, ते सांगतो. कॅप अशा व्याख्याफाईलवर चालत नाही, म्हणून इशाऱ्यांपुरते त्याचे महत्त्व कमी आहे. पण त्यात एक खोच आहे. त्याच्या तीन अवस्था असतात : हो, नाही, आणि दिलेलेच नाही. पार्सरने ते हो-नाहीच्या दोनच खणांत ठेवले, की ‘नाही’ आणि ‘दिलेले नाही’ यांतला फरक पुसला जातो.

कोणता पार्सर काय हाती देतो

घोषणा हा संदेशाचा भाग आहे की संदेशाविषयीची माहिती आहे, याचे उत्तर मानकांनीच वेगवेगळे दिले आणि साधनांतला फरक तिथूनच आला. संदेशातले भाग शोधण्याच्या १९९९ च्या एक्सपाथ १.० या मानकात घोषणेसाठी कुठलाही नोड नाही. म्हणजे एक्सपाथने संदेशात कितीही शोधले, तरी एन्कोडिंग सापडणार नाही. उलट, एक्सएमएलच्या माहितीसंचाच्या मानकात आवृत्ती, एन्कोडिंग आणि स्टँडअलोन हे संपूर्ण दस्तऐवजाचे गुणधर्म म्हणून नोंदलेले आहेत.

सॅक्स या घटनांवर चालणाऱ्या पद्धतीत मुळात घोषणेची घटनाच नव्हती. पुढच्या विस्तारात लोकेटर-२ मधून आवृत्ती आणि एन्कोडिंग विचारण्याची सोय झाली. संदेशाच्या भागांचे झाड मांडणाऱ्या डॉम या मानकाच्या तिसऱ्या पातळीने, २००४ मध्ये, नेटकी मांडणी केली. घोषणेत लिहिलेले एन्कोडिंग एका ठिकाणी, प्रत्यक्ष वाचताना वापरलेले एन्कोडिंग दुसऱ्या ठिकाणी. जावाच्या स्टॅक्स पद्धतीनेही हाच भेद ठेवला, आणि स्टँडअलोन मुळात दिले होते का, हे विचारायला वेगळी सोय दिली. ‘लिहिलेले’ आणि ‘वापरलेले’ या दोन बाबी वेगळ्या आहेत हे ज्या साधनांनी ओळखले, त्यांच्या आधारे केलेले काम टिकते.

पायथॉनमध्ये दोन टोके दिसतात. प्रमाण ग्रंथालयातला एलिमेंटट्री घोषणा वाचतो, वापरतो आणि विसरतो. तयार झालेल्या झाडात तिचा मागमूस राहत नाही. एलएक्सएमएल मात्र दस्तऐवजाच्या माहितीत आवृत्ती, एन्कोडिंग आणि स्टँडअलोन तिन्ही जपून ठेवतो. तो आणखी एका बाबतीत कडक आहे. आधीच अक्षरांत उलगडलेली स्ट्रिंग देऊन वर तिच्यात एन्कोडिंगची घोषणाही ठेवली, तर तो ती वाचायला नकार देतो. अनेकांना हा नकार त्रासाचा वाटतो, पण तो रास्त आहे. बाइट संपून अक्षरे झाल्यावर एन्कोडिंगच्या दाव्याला अर्थ उरत नाही.

डॉटनेटमध्ये घोषणा हा वाचता येण्याजोगा स्वतंत्र नोड आहे. तिथली ठेच वेगळी. संदेश स्ट्रिंगमध्ये लिहून घेतला की घोषणेत आपोआप यूटीएफ-१६ येते, कारण त्या भाषेतल्या स्ट्रिंगा आतून तशाच असतात. मग तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ म्हणून पाठवली जाते आणि घोषणा खोटी ठरते.

या प्रश्नाला सर्वांत जास्त धार येते ती संदेश-मध्यस्थ सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एका प्रणालीकडून दुसरीकडे संदेश वळवणाऱ्या साधनांत. आयबीएमच्या मेसेज ब्रोकरमध्ये, ज्याचे आजचे नाव ॲप कनेक्ट एंटरप्राइज आहे, एक्सएमएलसाठीच एकाहून अधिक पार्सर आहेत. जुना एक्सएमएलएनएस पार्सर घोषणेला खास प्रकारचा घटक मानतो आणि तिच्या आतली आवृत्ती, एन्कोडिंग, स्टँडअलोन हेही प्रत्येकी खास प्रकारचे घटक असतात. नवा, आटोपशीर आणि वेगवान एक्सएमएलएनएससी पार्सर घोषणेची एक फांदी करतो आणि तिन्ही गोष्टी तिच्याखाली साध्या गुणधर्मांच्या रूपात ठेवतो.

परिणाम असा की जुन्या पार्सरसाठी लिहिलेला वाचनमार्ग नव्या पार्सरवर चालवला, तर त्रुटी येत नाही. फक्त रिकामे मूल्य हाती येते. पुढच्या अटीत ‘एन्कोडिंग रिकामे असेल तर अमुक धर’ असे लिहिलेले असेल, तर प्रोग्रॅम गुपचूप चुकीच्या वाटेला लागतो. एका पार्सरचे झाड दुसऱ्या जातीच्या पार्सरखाली नक्कल केले, तर घटकांचे मूळ प्रकारही हरवू शकतात, आणि घोषणेचे गुणधर्म बाहेर पडताना साध्या टॅगांसारखे मजकुरात उतरू शकतात. म्हणून पार्सर बदलताना घोषणा वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या ओळी हाताने तपासाव्याच लागतात.

चुका नेमक्या कुठे होतात

पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे शिळी घोषणा. आत आलेल्या संदेशात जे एन्कोडिंग लिहिले होते, तेच बाहेर जाणाऱ्या संदेशावर उतरवले जाते, आणि मधल्या टप्प्यात बाइट बदललेले असतात.

दुसरी चूक अधिकाराची. संदेश वेबवरून आला, तर त्याच्या शीर्षकातही एन्कोडिंग लिहिलेले असू शकते. मध्यस्थ सॉफ्टवेअरच्या संदेशरांगेतून आला, तर लिफाफ्यावर कोडसंचाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ आयबीएमच्या पद्धतीत यूटीएफ-८ साठी १२०८ आणि लॅटिन-१ साठी ८१९. हे दोन दावे आणि घोषणा यांच्यात मतभेद झाला, तर कुणाचे ऐकायचे? २००१ च्या आरएफसी ३०२३ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार, मजकूर वर्गात पाठवलेल्या एक्सएमएलच्या शीर्षकात एन्कोडिंग नसेल तर घोषणेत काहीही असो, अमेरिकी ॲस्की धरायचे होते. हा नियम व्यवहारात फारसा पाळला गेला नाही. २०१४ च्या आरएफसी ७३०३ ने तो काढून टाकला आणि क्रम लावून दिला : आधी बाइटक्रमाची खूण, मग शीर्षक, मग घोषणा. जुना नियम पाळणारे आणि नवा नियम पाळणारे ग्राहक एकाच साखळीत असले, की एकच संदेश दोघे दोन तऱ्हांनी वाचतात.

तिसरी चूक खुणेची. यूटीएफ-८ च्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट काही साधने लिहितात. पुढच्या टप्प्यात ते अक्षर म्हणून मजकुरात राहिले, की घोषणा पहिल्या स्थानावर उरत नाही. जावाचा पार्सर मग प्रस्तावनेत मजकूर चालत नाही, अशी तक्रार करून थांबतो. डोळ्यांना ते अक्षर दिसत नाही, म्हणून कारण शोधण्यात वेळ जातो.

चौथी चूक पोटातल्या संदेशाची. एक संदेश दुसऱ्याच्या पोटात ठेवायचा असतो, उदाहरणार्थ कॅपचा इशारा वितरणाच्या लिफाफ्यात. तेव्हा आतल्या संदेशाची घोषणा काढावी लागते, कारण मध्येच आलेली घोषणा मानकाला मान्य नाही. तीच घोषणा साधा मजकूर म्हणून गुंडाळून आत ठेवली, तर आणखी घोटाळा होतो. बाहेरचा संदेश एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात गेला की आतले बाइटही बदलतात, पण आतली घोषणा जुनेच सांगत राहते.

मराठीला हे का जास्त लागते

‘इशारा’ हा शब्दच जवळून पाहू. त्यात पाच युनिकोड चिन्हे आहेत : इ, श, काना, र, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे पंधरा. ‘इ’साठी २२४, १६४, १३५ आणि ‘श’साठी २२४, १६४, १८२. मराठीतले जवळजवळ प्रत्येक अक्षर याच २२४ ने सुरू होते.

आता समजा एका पार्सरने घोषणा बाजूला ठेवली आणि लिफाफ्यावरच्या चुकीच्या क्रमांकावर विसंबून हे बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ आहे, त्यामुळे कुठलीही त्रुटी येत नाही. २२४ चे स्वरचिन्ह असलेले लॅटिन अक्षर होते, १६४ चे चलनाचे चिन्ह होते आणि १३५ चे अदृश्य नियंत्रणचिन्ह होते. एक्सएमएल १.० ला असे नियंत्रणचिन्ह मजकुरात चालते. १.१ मध्ये ते उघडे ठेवायला बंदी आहे, म्हणजे तिथे निदान चूक उघडकीस आली असती. पुढच्या टप्प्यात ही पंधरा चुकीची अक्षरे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली, तर प्रत्येकाला दोन बाइट लागून त्यांचे तीस बाइट होतात. संदेश एक्सएमएल म्हणून अगदी वैध असतो. स्कीमाच्या तपासणीतही तो उत्तीर्ण होतो. वाचणाऱ्याला मात्र त्यातला एकही शब्द कळत नाही.

उलट्या दिशेची चूक लपत नाही. लॅटिन-१ किंवा भारतीय लिप्यांच्या जुन्या इस्कीसारख्या पद्धतीतले बाइट यूटीएफ-८ समजून वाचायला गेले, तर बाइटांचा क्रम नियमात बसत नाही आणि पार्सर थांबतो. चूक तिथल्या तिथे कळते. शंका असेल तेव्हा यूटीएफ-८ काटेकोरपणे वाचण्याचा आग्रह धरावा, तो यासाठी.

या सगळ्यात इंग्रजी मजकुराला काहीच होत नाही. मूळ इंग्रजी अक्षरे यूटीएफ-८ मध्ये, लॅटिन-१ मध्ये आणि ॲस्कीमध्ये एकाच बाइटने लिहिली जातात. घोषणा खोटी असो, शिळी असो, गायब असो, इंग्रजी इशारा जसाच्या तसा पोहोचतो. म्हणून इंग्रजी नमुन्यांवर केलेली चाचणी या दोषाबद्दल काहीही सांगत नाही. प्रणाली महिनोन् महिने निर्दोष भासते आणि पहिला मराठी इशारा निघाल्यावर दोष समोर येतो. तो दिवस बहुधा मुसळधार पावसाचाच असतो, कारण इशारा तेव्हाच निघतो. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. घोषणेबद्दलच्या हलगर्जीपणाची किंमत इंग्रजी वाचणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती वाडीवर राहणाऱ्या, फक्त मराठी वाचणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

जुन्या मराठी साहित्याची अडचण याहून निराळी आहे. कार्यालयांतल्या कित्येक जुन्या याद्या आणि नोंदी श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत टंकलेल्या आहेत. त्यांत अक्षरे मुळात लॅटिनच असतात, फाँटमुळे ती देवनागरी दिसतात. अशा यादीतले गावाचे नाव उचलून संदेशात घातले, तर घोषणा शंभर टक्के खरी असूनही मजकूर निरर्थक निघतो. १९९१ च्या प्रमाणित इस्की पद्धतीचे नावसुद्धा बहुतेक पार्सर ओळखत नाहीत. वाड्यापाड्यांच्या याद्या संदेशप्रणालीला जोडण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, गावच्या माणसाकडून वाचून घेतल्या पाहिजेत.

शेवटचा टप्पा : मोबाइलचा पडदा

पार्सरांची साखळी संपते तेव्हा एक्सएमएलही संपते. मोबाइलवर संदेश वेगळ्या साच्यात जातो. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीला सोळा बिटांचा कोडसंच लागतो, म्हणून ७० चिन्हांवर मर्यादा येते. काना, मात्रा, हलंत सगळे यात स्वतंत्र मोजले जातात. ‘कर्जत’ हा तीन अक्षरांचा वाटणारा शब्द पाच चिन्हांचा आहे, ‘खालापूर’ सात चिन्हांचा.

दूरसंचार विभागाने २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ज्याची देशभर चाचणी घेतली, त्या सेल ब्रॉडकास्टमध्ये एका पानात ८२ बाइट असतात आणि जास्तीत जास्त १५ पाने पाठवता येतात. इंग्रजीला त्यात १३९५ अक्षरे मिळतात, देवनागरीला साधारण ६००. लांबी मोजताना कुणी यूटीएफ-८ चे बाइट मोजले, कुणी चिन्हे मोजली, तर संदेश मध्येच कापला जातो. दोनदा एन्कोड झालेला मजकूर तर दुप्पट फुगून आलेला असतो, त्यामुळे तो आधी कापला जातो आणि उरलेलाही वाचता येत नाही. पहिल्या ओळीतली गफलत इथवर पोहोचते.

तीन मते आणि त्यांची पारख

या क्षेत्रात काम करणाऱ्यांत तीन प्रकारची मते आढळतात. पहिल्या मतानुसार घोषणा सरसकट काढून टाकावी आणि सगळीकडे यूटीएफ-८ धरावे. मानक त्याला परवानगी देते आणि अंतर्गत व्यवहारात हे सोपेही पडते. पण लिफाफ्यावरच्या क्रमांकावर विसंबणाऱ्या ग्राहकाला मग दुसरा कोणताच आधार उरत नाही, आणि तपास करणाऱ्यालाही मूळ दावा काय होता ते कळत नाही.

दुसरे मत नेमके उलटे : आलेली घोषणा जशीच्या तशी शेवटपर्यंत न्यावी, नाहीतर डिजिटल सही मोडेल. ही भीती अनाठायी आहे. कॅपमध्ये एक्सएमएल सहीची सोय आहे, पण सही काढण्याआधी संदेश प्रमाणरूपात आणला जातो. २००१ च्या प्रमाणीकरणाच्या मानकानुसार त्या रूपात घोषणा गळते आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये येतो. म्हणजे सही घोषणेवर अवलंबूनच नाही, ती अक्षरांवर अवलंबून आहे. अक्षरे चुकीची उलगडली गेली, तर सही नक्की मोडेल, आणि ते चांगलेच आहे. सही तपासणे हा मराठी मजकूर शाबूत आहे का हे पाहण्याचाही एक भक्कम मार्ग आहे.

तिसरे मत सावध माणसांचे. देवनागरी अक्षरे थेट न लिहिता प्रत्येकाचा संख्यासंदर्भ लिहावा, म्हणजे ‘श’च्या जागी २३५८ हा क्रमांक ठरलेल्या चिन्हांत बसवून. मग सारा संदेश ॲस्कीत राहतो आणि कोणत्याही एन्कोडिंगमधून सुखरूप जातो. जुन्या, न बदलता येणाऱ्या प्रणालीसमोर हा उपाय खरोखर तारतो. पण तीन बाइटांचे अक्षर सात बाइटांचे होते, मधल्या एखाद्या टप्प्याने ती चिन्हे पुन्हा गुंडाळली तर पडद्यावर नुसते आकडे दिसतात, आणि नोंदवहीत संदेश वाचून पाहणाऱ्या माणसाला तो वाचता येत नाही. म्हणून हा उपाय अपवाद म्हणूनच ठेवावा.

माझे मत या तिन्ही मतांतून निघते. घोषणा ही बाइटांविषयीची माहिती आहे, म्हणून ती बाइट जिथे अक्षरे होतात तिथे वाचावी आणि अक्षरे जिथे पुन्हा बाइट होतात तिथे नव्याने लिहावी. मधल्या प्रवासात ती नेऊ नये, तिचा वृत्तांत न्यावा. म्हणजे पहिल्या पार्सरने संदेश बाइटरूपातच घ्यावा, घोषणेत लिहिलेले एन्कोडिंग, लिफाफ्यावर लिहिलेले एन्कोडिंग आणि प्रत्यक्ष वापरलेले एन्कोडिंग अशा तीन वेगळ्या नोंदी कराव्यात, आवृत्ती आणि स्टँडअलोनही ‘दिलेले नाही’ या अवस्थेसह नोंदवावेत. या नोंदी संदेशाच्या झाडात न ठेवता त्याच्यासोबत जाणाऱ्या वेगळ्या खणात ठेवल्या, की पुढे कोणताही पार्सर आला तरी त्या एकाच जागी मिळतात. एन्कोडिंगच्या तीन नोंदींत मतभेद दिसला, तर संदेश पुढे ढकलण्याआधी माणसाला कळवावे. मूळ बाइटांची प्रत बाजूला जपावी, म्हणजे नंतरच्या चौकशीत काय आले होते हे दाखवता येईल. बाहेर पडताना संदेश शेवटी लिहिणाऱ्या घटकाने स्वतः निवडलेल्या एन्कोडिंगची घोषणा लिहावी, आणि आपल्या कामात ते एन्कोडिंग यूटीएफ-८ असावे.

यासोबत एक चाचणी प्रत्येक पावसाळ्याआधी व्हावी. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षातून मराठी नमुना-इशारा सोडावा, त्यात ‘इर्शाळगड’मधला रफार, ‘ऱ्हास’मधला ऱ, ‘ॲप’मधला ॲ, ‘ळ’, मराठी आकडे आणि दोन्ही तालुक्यांची नावे असावीत. प्रत्येक सांध्यावर मजकुराची चिन्हे मोजून पहावीत, चौकपासून कशेळेपर्यंतच्या गावांतल्या मोबाइलवर तो प्रत्यक्ष वाचून घ्यावा, आणि साखळीतला कुठलाही पार्सर, त्याची आवृत्ती किंवा मध्यस्थ सॉफ्टवेअर बदलले की हीच चाचणी पुन्हा करावी. हे काम खर्चाचे नाही. ते कुणाच्या तरी कर्तव्यसूचीत नाव घालून लिहिलेले असायला हवे. इर्शाळवाडीसारखी यादीत नसलेली वाडी ओळखणे हे भूशास्त्राचे आणि प्रशासनाचे अवघड काम आहे, आणि त्याला वर्षे लागतील. ओळखल्यानंतर तिथे पाठवलेला मराठी शब्द मोडणार नाही, एवढी खात्री मात्र संगणकाचे काम करणाऱ्यांना आजच देता येते, आणि ती देणे त्यांच्यावर बंधनकारक मानले पाहिजे.